ओशट फडकी: धुवायची कशी आणि पुन्हा वापरायची कुठवर

सायकलची चेन एकदा नीट साफ केली की तीन फडकी काळी होतात. शिलाई मशीन उघडून तेलपाणी केलं की आणखी दोन. गॅलरीत नाहीतर जिन्याखालच्या कोपऱ्यात बाक आणि व्हाइस बसवून कुणी कामाला लागलं की महिन्याभरात ओशट चिंध्यांचा ढीग जमतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. कुणी तो सुक्या कचऱ्यात टाकतं, कुणी घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये घालतं, कुणी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ओट्याखाली सारतं. तिन्ही चूक आहे. तिसऱ्याने तर घर पेटू शकतं, तेही बाहेरची ठिणगी न लागता.

फडकं किती मळलंय यापेक्षा कशाने मळलंय ते आधी बघायचं. फडक्यात कोणतं तेल आहे यावरच ते धुवायचं, वाळवायचं की पाण्यात बुडवून टाकून द्यायचं हे ठरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावर उभ्या आहेत.

मला हे वडिलांनी शिकवलं. ते परळच्या एका गिरणीत फिटर होते. गिरणीत पुसायला कॉटन वेस्ट, म्हणजे सुताचा गुंता, हवा तेवढा मिळायचा. हात पुसला, यंत्र पुसलं, टाकून दिला. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि पगाराबरोबर तो गुंताही थांबला. वडील चाळीतल्या खोलीत लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त करू लागले आणि पुसायला आईच्या विरलेल्या सुती साड्या निघाल्या. साड्या काही रोज विरत नाहीत, म्हणून तीच फडकी धुऊन परत वापरायची. मोरी सामायिक, पाणी सकाळचे दोन तास, आणि दोरी तीच, जिच्यावर देवाचं वस्त्रही वाळायचं. एवढ्या अडचणींत त्यांनी जी पद्धत बसवली तीच मी आज मुलुंडच्या गॅलरीत वापरते. त्यात भर घातली आहे ती लाकडाच्या पॉलिशची, कारण ते काम वडिलांनी कधी केलं नव्हतं.

कापड कोणतं घ्यायचं

सुती, आणि तेही जुनं. बनियन, पंचा, धोतर, साडी, मऊ पडलेली चादर. नव्या कोऱ्या कापडात खळ असते आणि खळ असलेलं कापड तेल पीत नाही. नवंच वापरायचं असेल तर दोनदा गरम पाण्यातून काढा. टेरिकॉट आणि पॉलिस्टर घेऊ नका. ते तेल नुसतं इकडून तिकडे फासतं आणि गरम भागाला लागलं तर वितळून चिकटतं. घरात जुने कपडे नसतील तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात बनियनच्या चिंध्या किलोवर मिळतात. घेताना पिशवीत हात घालून बघा, पुष्कळदा निम्मा माल सिंथेटिक निघतो.

बटणं, हुक, चेन, इलॅस्टिक काढून टाका आणि साधारण एक फूट चौरस तुकडे करा. चौकोन दोनदा दुमडला की चार थर होतात आणि प्रत्येक थराच्या दोन बाजू धरून पुसायला आठ कोरे भाग मिळतात. बोळा करून पुसणारा एकदाच पुसतो, घडी घालणारा आठ वेळा. म्हणजे धुण्याचं काम पुसतानाच कमी होतं.

कडेचे सुटे दोरे कापून टाका. आणि फिरत्या ड्रिलजवळ, ग्राइंडरजवळ किंवा चालू मशीनच्या चाकाजवळ फडकं नेऊच नका. दोरा अडकला की फडकं जातं आणि फडक्यामागे बोट जातं. आधी मशीन बंद, प्लग बाहेर, मग फडकं.

तीन डबे

गोडेतेलाचे पत्र्याचे रिकामे डबे झाकणासकट मिळवा. पंधरा किलोचे मिळाले तर उत्तम, नाहीतर रंगाचे चार लिटरचे चालतील. प्लास्टिकचे नकोत. डब्यांवर पांढऱ्या रंगाने मोठ्या अक्षरांत लिहा, कारण आठवडाभराने तुम्हालाही आठवत नाही आणि घरातल्या माणसांना तर मुळीच कळत नाही.

पहिल्या डब्यात खनिज तेलाची फडकी: इंजिन ऑइल, मशीन ऑइल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे. ही पेटवली तर जळतात, पण आपोआप तापत नाहीत. धुऊन परत वापरायची ती हीच.

दुसऱ्या डब्यात वाळणाऱ्या तेलाची: जवसाचं तेल, डबल बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं ते, टंग ऑइल, तेलाचा व्हार्निश, ऑइल पेंट, लाकडाची पॉलिशं. ही धुवायची नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

तिसऱ्यात ज्या फडक्यांत लोखंडाचा कीस, ग्राइंडरची धूळ किंवा वाळू भरली आहे ती. कीस सुताच्या विणीत अडकून बसतो आणि धुऊनही पुरता जात नाही. असं फडकं पुढच्या वेळी चकचकीत शाफ्टवर फिरवलं की बारीक चरे पडतात आणि तुमच्या बोटातही कूस जाते. त्यावरून लोहचुंबक फिरवून बघा. काही चिकटलं तर ते फडकं फक्त जमिनीवर सांडलेलं तेल टिपायला वापरा आणि मग टाकून द्या.

स्वयंपाकघरातल्या तेलाचं काय, असं नवखे नेहमी विचारतात. त्याचा विचार तेलाप्रमाणे करावा लागतो. एखादं तेल हवेतला ऑक्सिजन किती ओढू शकतं याचा अंदाज त्याच्या आयोडीन अंकावरून येतो. जवसाचा साधारण १७० ते २००, करडईचा १४० च्या आसपास, सूर्यफूल आणि सोयाबीनचा १२० ते १४०, शेंगदाण्याचा ९० च्या आगेमागे, खोबरेलाचा १० च्या आत. अंक जेवढा मोठा तेवढं तेल लवकर चिकट होतं, वाळतं आणि वाळताना तापतं. बिजागरीला किंवा शिलाई मशीनला करडईचं तेल घातलं की सहा महिन्यांनी ते मधासारखं चिकट होऊन मशीन जड फिरायला लागतं, त्याचं कारण हेच. माझ्याकडे येणाऱ्या मशिनांत निम्म्यांचा आजार हाच असतो. तेव्हा करडई, सूर्यफूल, सोयाबीन लागलेलं फडकं दुसऱ्या डब्यात. आणि कुठलं तेल आहे कळत नसेल तरीही दुसऱ्याच डब्यात.

दुसरा डबा: इथे घाई नको

जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं, आणि या क्रियेत उष्णता बाहेर पडते. खुर्चीच्या हातावर पातळ थर दिला तर ती उष्णता हवेत निघून जाते, काही जाणवत नाही. पण तेच तेल फडक्यात असतं तेव्हा सुताच्या असंख्य तंतूंवर पसरलेलं असतं, म्हणजे हवेला भिडायला पृष्ठभाग प्रचंड. वर फडक्याचा बोळा केला की आत हवा पुरते, पण उष्णता बाहेर पडत नाही. आतलं तापमान वाढतं, वाढलेल्या तापमानाने क्रिया आणखी जोरात होते, आणि काही तासांत बोळा आतून धुमसायला लागतो.

अमेरिकेत फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत २३ फेब्रुवारी १९९१ला पेटली ती अशाच फडक्यांनी. लाकडी कामाला पॉलिश करणाऱ्यांनी जवसाच्या तेलाची फडकी २२व्या मजल्यावर ठेवून दिली होती. आगीत अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. आग वर वर चढत ३०व्या मजल्यावर आपोआप सुटणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांनी अडली.

माझ्याकडे असं झालंय. आजीच्या सागवानी आरामखुर्चीला मे महिन्यात तेल दिलं, चार फडकी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून बाकाखाली टाकली आणि जेवायला बसले. रात्री अकराच्या सुमारास जळक्या तळणासारखा वास आला. पिशवी उचलली तर खालून मऊ पडली होती आणि हाताला चटका बसला. सगळं पाण्याच्या बादलीत बुडवलं. बाकाखाली तेव्हा टर्पेंटाइनची बाटली होती. त्या रात्रीनंतर मी पॉलिशचं काम उरकल्यावर फडक्यांची सोय लावल्याशिवाय ब्रशसुद्धा धूत नाही.

सोय अशी. काम संपल्या संपल्या, चहाच्या आधी, फडकी दुसऱ्या डब्यात टाका आणि ती पूर्ण बुडतील इतकं पाणी भरून झाकण लावा. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून तापणं थांबतं. मोकळी जागा असेल तर दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक फडकं सुटं, एकपदरी, दोरीवर उघड्यावर पसरायचं. दोन-तीन दिवसांत ती पुठ्ठ्यासारखी कडक होतात, पावसाळ्यात जास्त लागतात. अशी कडक झाली की ती तापत नाहीत, मग टाकता येतात. एकावर एक टाकू नका, घडी घालू नका, बादलीच्या काठावर दुमडून ठेवू नका. मुंबईतल्या बहुतेक घरांत अशी मोकळी जागा नसते, म्हणून मी पाण्याचा डबाच सांगेन.

ही फडकी धुऊन का वापरू नयेत? कारण ही तेलं धुतल्यावर थोडी तरी मागे राहतात, आणि उरलेलं तेल वाळताना किंवा इस्त्रीच्या उष्णतेने परत तापू शकतं. परदेशात हॉटेलांचे आणि मसाजचे तेलकट टॉवेल धुऊन, ड्रायरमधून गरमगरम काढून ढिगाने ठेवल्यावर पेटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. एका चिंधीसाठी एवढा धोका पत्करायचा नाही.

धुण्याआधी: आधी सुकं, मग ओलं

आता पहिला डबा. दहा-बारा फडकी जमली की एकदा बसायचं. एकेक धुणं परवडत नाही आणि पन्नास जमवली तर हातून नीट होत नाहीत.

हातात नायट्राइलचे हातमोजे घाला. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये इंजिनात जळताना तयार झालेली काही संयुगं असतात, ती कातडीला वाईट आणि वर्षानुवर्षं लागत राहिली तर कर्करोगाला कारण होऊ शकतात. ज्या बादलीत आणि ब्रशने ही फडकी धुवाल, ती बादली आणि ब्रश परत घरच्या कपड्यांना लावायचा नाही. लहान मुलांच्या कपड्यांना तर नाहीच.

फडकं पाट्यावर पसरा आणि पुट्टीच्या पत्र्याने ग्रीस खरवडून काढा. वितळेल म्हणून कढत पाण्यात टाकू नका. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण यांचं मिश्रण असतं. गॅरेजमध्ये सर्रास मिळणाऱ्या लिथियम ग्रीसमधला साबण बहुधा एरंडेलापासून काढलेल्या आम्लाचा असतो. पण तो पाण्यात विरघळणारा कपड्याचा साबण नव्हे, पाण्याला दाद न देणारा आहे, म्हणूनच तर ग्रीस पावसात चाकाला टिकतं. आणि हे ग्रीस पातळ होऊन ठिबकायला साधारण १८० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. तेव्हा उकळत्या पाण्याने तुमचा हात भाजेल, ग्रीस आहे तिथेच राहील. पत्र्याने खरवडलेलं मात्र कायमचं गेलं.

मग लाकडाचा भुसा. सुतारकामाच्या कुठल्याही दुकानाबाहेर पोतंभर पडलेला असतो, मागितला तर नाही म्हणत नाहीत. घमेल्यात मूठभर भुसा घेऊन त्यात फडकं पिठासारखं मळा. भुसा काळा पडतो, म्हणजे तेल ओढतो आहे. दोनदा मळा, मग झटका. हे गॅलरीच्या कठड्यावर नको, खालच्या माणसाच्या पापडांवर पडतं. जुन्या वर्तमानपत्राच्या कागदांत दाबून तेल टिपणंही चालतं, पण भुसा सरस. एवढ्यानेच निम्म्याहून अधिक तेल निघून जातं आणि मग पाण्यात, म्हणजे शेवटी गटारात, जाणारं तेल तेवढं कमी होतं.

रॉकेलचं पाणी

फार काळ्या, ग्रीसच्या फडक्यांनाच हे लागतं. साध्या मशीन ऑइलच्या फडक्यांना भुशानंतर सरळ सोड्यात टाकलं तरी पुरतं.

खनिज तेल पाण्यात विरघळत नाही, दुसऱ्या खनिज तेलात विरघळतं. वडील रॉकेल वापरायचे. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून मी रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घेते. डिझेलही चालतं, पण त्याचा वास चार दिवस जात नाही. पेट्रोल कधीही नाही. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे मुंबईत ते बारा महिने पेटायला तयार असतं. रॉकेलची वाफ ज्या तापमानाला पेट घेऊ शकते ते भारतीय मानकाप्रमाणे किमान ३५ अंश आहे, टर्पेंटाइनचं त्याहून थोडं कमीच धरा. मार्च-एप्रिलच्या दुपारी मुंबईचा पारा ३५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा हे काम भर दुपारी करू नका. सकाळी लवकर करा, उघड्यावर करा.

आणि बाथरूममध्ये तर मुळीच नको. आपल्याकडे पुष्कळ बाथरूममध्ये गॅस गीझर असतो आणि कुणी आंघोळीला नळ सोडला की तो आपोआप पेटतो. देवासमोरची समई, मच्छरची कॉइल, ओट्यावरचा गॅस, विडी ओढणारे काका, हे सगळं दूर आहे याची खात्री करून मगच बाटली उघडा.

दोन रुंद तोंडाच्या, झाकणाच्या बरण्या घ्या. दोन्हींत पाव-पाव लिटर टर्पेंटाइन. फडकं पहिल्या बरणीत खळबळा, पिळा, मग दुसऱ्या बरणीत खळबळा, पिळा. पहिली बरणी काळी होईल, दुसरी बरीच स्वच्छ राहील. संपल्यावर झाकणं लावून दोन दिवस हलवू नका. गाळ तळाशी बसतो, वरचं निवळतं. निवळलेलं हळूच दुसऱ्या भांड्यात ओता आणि पुढच्या वेळी तेच पहिल्या बरणीत वापरा. नवीन टर्पेंटाइन फक्त दुसऱ्या बरणीत. अशाने माझं एक लिटर जवळजवळ वर्षभर पुरतं. तळाचा गाळ भुशात जिरवून तिसऱ्या डब्यात.

पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत टर्पेंटाइन भरून ठेवू नका. मुलं तहानेने उचलून तोंडाला लावतात आणि पोटात गेलेलं हे द्रव फुप्फुसात उतरलं की जिवावर बेततं. बरणीवर नाव लिहा आणि ती वर, कुलपात ठेवा.

पिळलेली फडकी दोरीवर सुटी लावा. वास जवळपास गेल्याशिवाय ती गरम पाण्यात टाकायची नाहीत. मला साधारण दोन-तीन तास लागतात.

सोडा, गरम पाणी आणि एक रात्र

किराणा दुकानात धुण्याचा सोडा मागा. खाण्याचा सोडा वेगळा, तो फार सौम्य असतो. कॉस्टिक सोडा त्याहून वेगळा, तो कातडी आणि डोळे जाळतो, त्याला हात लावू नका.

अर्धी बादली, म्हणजे पाचेक लिटर पाणी लागेल. एक भाग उकळतं आणि एक भाग नळाचं पाणी मिसळलं की ते ६० अंशांच्या थोडं वर येतं, एवढं पुरे. त्यात अर्धी वाटी धुण्याचा सोडा विरघळवा आणि दोन चमचे कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड घाला. दोन्ही का? सोडा वनस्पती तेलाचा साबण करतो, पण खनिज तेलाचा साबण होत नाही. खनिज तेलाला उचलून पाण्यात तरंगत ठेवायचं काम पावडरीचं. सोडा पाण्याचा जडपणा घालवतो आणि पावडरीला जोर देतो. बादली प्लास्टिकची घ्या किंवा लोखंडी घमेलं घ्या. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं घेऊ नका, सोडा त्याला खातो.

इथे मुंबईकरांना एक सोय आहे. आपलं नळाचं पाणी तानसा, भातसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांतलं, म्हणजे पावसाचं साठवलेलं. विहार १८६० पासून आणि तानसा १८९२ पासून या शहराला पाणी देतोय. असं पाणी हलकं असतं, त्यात साबण चटकन फेसाळतो. सोसायटीत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं, मग सोडा दीडपट करा.

फडकी रात्रभर भिजत घाला. सकाळी, पाणी आलेलं असतानाच, एकेक फडकं फरशीवर ठेवून कपड्याचा साबण लावून ब्रशने घासा. फार जाड असेल तर धोपाटण्याने दोन फटके द्या. पहिलं खळबळून काढलेलं पाणी काळं येईल, दुसरं राखाडी. तिसरं जवळजवळ निवळ आलं की झालं. पूर्ण पांढरं करायच्या मागे लागू नका. डाग राहू द्या, ओशटपणा गेला पाहिजे. ब्लीच घालून डाग फिका होतो, तेल तसंच राहतं आणि सूत कुजतं.

पाणी टाकायचं कुठे, हा प्रश्न वडिलांच्या काळी कुणी विचारत नव्हतं. गॅलरीच्या भोकातून जाणारं पाणी पुष्कळ इमारतींत पावसाळी गटाराला मिळतं आणि ते गटार कसल्याही प्रक्रियेशिवाय नाल्यात, खाडीत, समुद्रात जातं. मलनिःसारणाची वाहिनी वेगळी असते. म्हणून हे पाणी संडासात ओता, गॅलरीत किंवा इमारतीच्या आवारात नाही. खरवडणं आणि भुसा यांवर मी एवढा भर दिला तो यासाठीच.

वॉशिंग मशीनचा मोह होतोच. तो टाळा. तेल ड्रमच्या रबराला आणि पाइपांना धरून बसतं, पुढच्या आठ धुण्यांना वास येतो. आणि टर्पेंटाइनचा अंश असलेलं फडकं बंद ड्रममध्ये, विजेच्या मोटरजवळ फिरवणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

वाळवणं, आणि थेंबाची परीक्षा

उन्हात, सुटी, कडक वाळेपर्यंत. इस्त्री नको, हिटर नको. जिन्यात किंवा सामायिक पॅसेजमध्ये दोरी बांधू नका, आग लागली तर माणसं बाहेर पडायची वाट तीच असते.

वाळलेल्या फडक्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब लगेच शोषला गेला तर फडकं स्वच्छ. थेंब मोत्यासारखा वर बसून राहिला तर तेल अजून आत आहे, परत सोड्यात.

जून ते सप्टेंबर वेगळं वागावं लागतं. फडकी चार-चार दिवस वाळत नाहीत, बुरशी धरतात, आणि दमट फडक्याने पुसलेला लोखंडी भाग दुसऱ्या दिवशी तांबूस होतो. मी मे अखेर चाळीस-पन्नास फडकी धुऊन, वाळवून, झाकणाच्या डब्यात भरून ठेवते आणि पावसात धुणं बंद. खनिज तेलाची मळकी फडकी तोवर पहिल्या डब्यात झाकून राहतात, त्यांना काही होत नाही. मध्ये उघडीप मिळाली तर एक घाणा काढते.

कुठलं फडकं कुठे

धुतलेलं फडकं पहिल्यासारखं नसतं, त्याची पायरी उतरते. कोरं फडकं शेवटच्या पुसण्याला, जिथे मशीनवर तेलाचा बारीक थर समान राहायला हवा. एकदा-दोनदा धुतलेलं मधल्या पुसण्याला. तीन-चारदा धुतलेलं, विरळ झालेलं, चेनची आणि गिअरची काळी घाण काढायला. त्यानंतर ते धुवायचं नाही. पायऱ्या ओळखू येण्यासाठी प्रत्येक धुण्याला मी कोपऱ्यात कात्रीने एक छेद देते. चार छेद झाले की रजा. रंगीत दोऱ्याचा टाका घालून बघितला होता, पण तो सुटतो.

धुतलेलं फडकं कितीही स्वच्छ दिसलं तरी स्वयंपाकघरात नेऊ नका, पाळण्यात तर नाहीच.

टाकायची फडकी कचऱ्यात मिसळू नका आणि जाळूही नका, होळीतसुद्धा नाही. कारखान्यांत तेलाने माखलेल्या फडक्यांना २०१६च्या नियमांत घातक कचरा म्हणून वेगळी नोंद आहे आणि तळोज्यासारख्या ठिकाणी त्याची विल्हेवाट लावतात. घरातल्यासाठी घनकचऱ्याचे नियम सांगतात की रंगाचे डबे, बॅटऱ्या यांसारखा घातक कचरा ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळा द्यायचा. मी फडकी झाकणाच्या डब्यात भरून, वर 'तेलाच्या चिंध्या' असं लिहून, महापालिकेच्या सफाई कर्मचाऱ्याच्या हातात सांगून देते. तो उघडताना त्याला आत काय आहे ते ठाऊक असावं. पाण्यात ठेवलेली पॉलिशची फडकी ओलीच द्यायची, आधी पिळून वाळवायला जाऊ नका.

डब्यात कधी धूर दिसला तर झाकण दाबून हवा तोडा आणि घर रिकामं करून १०१ला फोन करा. धुमसणाऱ्या सुती फडक्यांवर पाणी चालतं. पेटलेल्या टर्पेंटाइनवर मात्र पाणी ओतू नका, ते पसरतं. त्यासाठी बाकाशेजारी वाळूची बादली कायम भरलेली असू द्या.

आणि हात. हातमोजे घालूनही नखांत काळं जातं. टर्पेंटाइनने हात धुऊ नका, कातडीतली चिकणाई निघून भेगा पडतात. कोरड्या हातांवर चमचाभर खोबरेल घ्या, त्यात चिमूटभर साखर घालून नखांच्या कडेने चोळा, कागदाने टिपा, मग साबण. खोबरेल टिपलेला कागद कचऱ्यात गेला तरी चालतो, ते तेल तापणाऱ्यांतलं नाही.